तांब्याच्या गडूतलं सरबत

वैजू, काल तुझा दहावा झाला आन् कावळा आला न्हाय.

दोन तास बसलो आमी खाडीच्या काठाला. भात, वडे, तिखट शेव, तुझं ते आवडतं चॉकलेट, समदं पानावर ठेवलं व्हतं. एक कावळा विजेच्या तारेवर येऊन बसला, मान वाकडी करून बघितलं आन् गेला उडून गोडावनच्या पत्र्यावर. तुझा दादा हात जोडून म्हणला, "वैजू, आयला सांभाळीन, तू काळजी करू नको." न्हाय आला. आय म्हणली, "तुझी पुस्तकं नीट ठेवीन गं बाय, रद्दीत घालणार न्हाय." न्हाय आला. ऊन चढायला लागलं, मंग भटजींनी दर्भाचा कावळा केला आन् शिववला. घरी येताना बायका पाठीमागं कुजबुजत व्हत्या, "अंगाचा तुकडा तिकडं मुंबईला ठेवून आली ना, मंग कशी सुटंल?"

त्यांना काय माहीत. तू कुणासाठी थांबलीस ते मला ठाऊक हाय. सगळ्यांनी तुला काय ना काय कबूल केलं, मी एकटीनं केलं न्हाय. माझ्या तोंडाशी दोन गोष्टी आल्या व्हत्या आन् दोन्ही मी गिळल्या.

एक ही, की शानूचा गुडघा दुखतोय.

तू अंथरूण धरलंस तवापासून पोरगी लंगडते. डावा पाय. तुझा पण डावाच. संध्याकाळ झाली की म्हणते, "मम्मी, पाय दुखतो." तुझ्या दादाला सांगितलं न्हाय, आयला न्हाय. दार लावून तिचे दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघते, सूज हाय का, हात लावला की गरम लागतो का. कधी वाटतं हाय, कधी वाटतं न्हाय. तुझी ती शिवणाची टेप घेऊन मोजला पण. एकदा डावा मोठा भरला, परत मोजला तर उजवा मोठा. पाच वर्षांची पोर ती, तिला वाटलं मी फ्रॉक शिवणार हाय. आत्याचं दुखणं भाचीला लागतं का, हे मी कुणाला विचारू? तुलाच विचारलं असतं. घरात तूच तर एक शिकलेली. मी आठवीत असताना लग्न ठरलं, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान तू, पण गॅसच्या पुस्तकापासून गोळीच्या पाकिटापर्यंत समदं तुलाच वाचायला द्यायची मी.

तुझं पण असंच सुरू झालं व्हतं. सकाळी कॉलेज, दुपारनं पूर्णा गावच्या गोडावनमधी शिफ्ट, हातात ते स्कॅनरचं पिस्तूल घेऊन उभी. "वयनी, गुडघा ठणकतो गं." मी काय म्हणली? "दिवसभर उभी राहतेस, ठणकणारच, घोड्याचा हाय काय पाय तुझा?" मंग लसूण घालून तेल गरम केलं आन् चोळलं. रोज. माझ्या या हातांनी. आन् दामूबुवाकडं जाऊ असं मीच म्हणली, डोंगराकडच्या पाड्यावर हाडं बसवतो तो. आमच्या माहेरी हात मोडला, पाय मुरगळला, की त्याच्याकडंच. त्यानं दाबलं की तू ओढणी दातात धरायचीस. घरी येताना म्हणलीस, "वयनी, हा माणूस हाड बसवतोय की काढून घेतोय?" आन् आपण दोघी रस्त्यात हसत सुटलो. तीन महिने, वैजू. तीन महिने आपण हसलो आन् चोळलं.

मंग मुंबईला फोटो काढला तर गुडघ्याच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "चोळलं होतं का याला?" मी खाली बघितलं. तू म्हणलीस, "थोडंसं."

थोडंसं!

मला वाचवायची सवय तुला तवापासूनच लागली बघ.

तिथं ती चष्मेवाली डॉक्टरीण भेटली तुला, शिकाऊ, तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असंल. तू तिला सोडायचीच न्हाईस. सुई टोचताना लोक डोळे मिटतात, तू प्रश्न विचारायचीस. एक दिवस दादाच्या टेम्पोतून घरी येताना तू काय खुशीत व्हतीस. डोक्यावरचे केस गेलेले, रुमाल बांधलेला, आन् तोंड असं चमकत व्हतं जशी काय परीक्षेत पहिली आलीस.

"वयनी, आमच्या गोडावनच्या गेटवर वॉचमन असतो ना, तसे आपल्या अंगात पण असतात. परका दिसला की धरतात. पण ही गाठ परकी न्हाय, माझ्याच हाडातून उठलीय. तिच्याकडं गेटपास हाय. ती दाखवते, मी इथलीच, आन् वॉचमन सलाम ठोकून झोपतो."

"मेली लबाड," मी म्हणली.

"आता हे लोक काय करायला बघतात, धातू घेतात. तांबं, जस्त, लोखंड, मँगनीज. त्याचे इतके बारीक कण करतात की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील. त्याचं पार्सल बांधायचं, वर पत्ता घालायचा, हाड. ते रक्तातून फिरतं आन् हाडाला जाऊन चिकटतं. गाठीच्या आत आंबट असतं, बाकीच्या अंगापेक्षा जास्ती. त्या आंबटानं पार्सल विरघळतं आन् धातू सुटतो, मीठ पाण्यात सुटतं तसा. मंग गाठीतल्या पेशी फुटतात, फुटताना बोंब मारतात, आन् त्या बोंबेनं वॉचमन जागे होतात. एकदा जागे झाले की लपलेल्या गाठी पण हुडकतात."

"मंग तुला कवा देणार?"

तू खिडकीतून बाहेर बघितलंस. बाहेर नुसते ट्रक. "अजून उंदरांना देतात, वयनी."

"उंदरांना मिळतं आन् तुला न्हाय?"

"उंदरांचा नंबर आधी लागलाय," म्हणलीस, आन् दादाला म्हणलीस गाणी लाव.

तू इतकं सांगितलंस, माझ्या ध्यानात त्यातले दोनच शब्द राहिले. तांबं आन् आंबट.

ही दुसरी गोष्ट. नीट ऐक.

देव्हाऱ्यातला तांब्याचा गडू हाय ना, आयच्या लग्नातला, बिनकल्हईचा. त्यात आंबट ठेवायचं न्हाय हे मला लहानपणापासून माहीत हाय. एकदा ताक ओतलं व्हतं तर माझ्या आईनं पाठीत धपाटा घातला, "कळकतं गं, इख होतं." मला माहीत व्हतं, वैजू. माहीत व्हतं म्हणूनच केलं. मला वाटलं, आंबटानं तांबं सुटतं असं डॉक्टरीण पण म्हणते आन् आई पण म्हणायची, म्हणजे खरंच असणार. उंदरांना देतात ते आपण घरी का न्हाय द्यायचं. पार्सल बांधायला मला येत न्हाय, पण तांबं हाय, लिंबू हाय. संध्याकाळी गडूत लिंबू पिळून पाणी भरून ठेवायची, सकाळी गाळून साखर-जिरं घालून तुला द्यायची.

पहिल्या दिवशी एक घोट घेऊन तू तोंड वाकडं केलंस. "वयनी, सरबत कळकलंय गं."

"जिऱ्याचा वास हाय तो. पी गपचूप."

तू माझ्याकडं बघितलंस. चांगली बघत राहिलीस. मंग समदं प्यायलीस, आन् पेला माझ्या हातात दिलास.

चार दिवस प्यायलीस. पाचव्या दिवशी तुला उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पोट धरून कळवळत व्हतीस. हॉस्पिटलात नेलं, सलाईन लावलं, डॉक्टरनं विचारलं, "बाहेरचं काय खाल्लं का?" मी पडद्यापाशी उभी व्हती. आता ही सांगणार, मला वाटलं. तू म्हणलीस, "न्हाय, घरचंच."

रक्त कमी भरलं म्हणून केमोचं इंजेक्शन आठवडाभर पुढं ढकललं. आठवडाभर. घरी येऊन मी गडू चिंचेनं घासला, आत हिरवं धरलं व्हतं ते निघेपर्यंत घासला, आन् देव्हाऱ्यात पालथा घातला. आय म्हणली, "किती चकचकीत केलास गं." मला रडू आलं ते तिला वाटलं तुझ्यासाठी.

नंतर जवा त्यांनी छातीचा फोटो दाखवला आन् म्हणले फुप्फुसात गेलंय, तवापासून मी तो आठवडा धरून बसलीय. त्याच आठवड्यात गेलं असंल का? केर काढताना, भाकरी थापताना, शानूची वेणी घालताना, हेच. त्या सात दिवसांत गेलं असंल का.

आन् तरी तुझ्याशी भांडायला मला तोंड व्हतं! ऑपरेशनच्या आधी तू त्या कागदावर सही केलीस, काढलेलं हाड आन् गाठ त्यांना शिकायला ठेवून घेऊ दे म्हणून. आय रडली, म्हणली समदं अंग एका ठिकाणी अग्नीला गेलं पाहिजे. तू तिची चेष्टा केलीस, "आये, अख्ख्या वळ गावानं जमिनी गोडावनला दिल्या, मी एक गुडघा दिला तर काय झालं?" आय रडता रडता हसली. मी न्हाय हसली. मी म्हणली, "तुझ्या हाडावर उंदीर खेळवतील ते."

"खेळवू दे की. ते कण टाकून बघतील, वॉचमन उठतात का. मला न्हाय उपयोग व्हायचा, कुणाला तरी होईल."

"कुणाचं काय पडलंय तुला?"

"आपली शानू हाय ना."

मी किती जोरात ओरडली तुझ्यावर. शानूचं नाव या दुखण्यात घ्यायचं न्हाय, अपशकुनी, असं म्हणली. तुला म्हणली ते. तू भिंतीकडं तोंड केलंस. दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाईस, आन् तिसऱ्या दिवशी तुला आत घेऊन गेले. आपण परत बोलायला लागलो ते चहा, गोळी, बेडपॅन. त्या भांडणावर परत कधी बोललोच न्हाय. मला वाटलं वेळ हाय.

ते हाड काढून तिथं सळी बसवली, गुडघ्याची वाटी पण धातूची. तू काठी घेऊन अंगणात चालायला शिकलीस आन् शानू तुझं बोट धरून. कोण कुणाला चालवतंय काय कळायचं न्हाय. मंग खोकला सुरू झाला.

राख सावडायला पुरुषच गेले. तुझा दादा आला तर त्याच्या हातात रुमालाची गुंडाळी. हाडं अर्धी भुगा होऊन गेली आन् ती सळी तशीच, वाटीसकट, काळी पडलेली. खाडीत सोडायची का न्हाय, भटजींना पण सांगता येईना. आय म्हणली घरात नको. दादानं ती टेम्पोत पान्यांच्या पेटीत ठेवली. तिथंच हाय अजून. एवढं मोठं लोखंड अंगात घालून तुला नुसतं उभं राहता आलं, आन् ज्याची तू वाट बघत व्हतीस ते डोळ्याला पण दिसणार न्हाय एवढं.

आता आजचं सांगते.

सकाळी तुझा दादा टेम्पोची काच पुसत व्हता. मी जाऊन उभी राहिली.

"अहो, शानूचा गुडघा दुखतोय."

त्याचा हात थांबला. "कवापासून?"

"तीन आठवडे."

"तीन आठवडे? आन् आता सांगतेस?" त्यानं फडकं बादलीत टाकलं, माझ्याकडं असं बघितलं की मारलं असतं तर बरं वाटलं असतं. "आण तिला. बस गाडीत."

आय ओट्यावर आली. "सुतकात कुठं निघालात?"

"फोटो काढायला. शानूच्या गुडघ्याचा."

"अरे, आधी जरा तेल लावून..." आय म्हणली, आन् पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. तिनं आपला हातच तोंडावर दाबून धरला. मंग म्हणली, "जा. जा लवकर."

वळपासून भिवंडीपर्यंत रस्त्याला खड्डे, पुढं कंटेनर, आन् मागं पेटीत तुझी सळी पान्यांबरोबर खडखडत व्हती. शानू म्हणली, "पप्पा, काय वाजतंय?" तो म्हणला, "आत्या हाय." एवढंच.

फोटोवाला म्हणला, "धातूचं काय असंल ते काढा." मी शानूचे पैंजण सोडायला बसली. मला फास सुटेना, मंग फोटोवाल्यानंच काढले. शानू म्हणली, "मम्मी, तू नको घाबरू, आत्या पण काढायची." फोटो ओला असल्यासारखा मी दोन बोटांनी धरून डॉक्टरच्या खोलीत नेला. डॉक्टरनं तो उजेडाला लावला. तुझा पण असाच लावला व्हता मुंबईला, आन् तो डॉक्टर लगेच खाली बसला व्हता. हा उभाच राहिला. बघत राहिला. मी शानूचा खांदा इतका घट्ट धरला की ती आई गं म्हणली.

"हाड स्वच्छ आहे," तो म्हणला. "काय नाही यात."

मला खरं वाटेना. मी परत विचारलं. मंग त्यानं शानूला विचारलं, कुठं दुखतं? तिनं दोन्ही पायांवरनं हात फिरवला. वाढत्या वयाचं असतं, म्हणला, संध्याकाळी दुखतं, जातं आपोआप. सूज आली तर लगेच आणा. "मग डाव्याच पायानं का लंगडतेस गं?"

"आत्या अशी चालायची," शानू म्हणली. "आता ती चालत न्हाय ना. मंग मी चालते."

तुझा दादा उठून बाहेर गेला.

मी तिथंच बसून राहिली. मला आनंद झाला पाहिजे व्हता, झाला पण, देवाची शपथ झाला, पण त्याच्या मागोमाग मी रस्ता मोजायला लागली. अर्ध्या तासाचा रस्ता, वैजू. ट्रकांची गर्दी धरून अर्धा तास. फोटो काढायला पाच मिनिटं. ही खोली तवा पण इथंच व्हती. मी तुला डोंगरावर नेलं.

निघताना मी डॉक्टरला विचारलं, "तांब्यात ठेवलेलं आंबट प्यायलं तर काय होतं?" तो म्हणला, पोरीला देऊ नका, उलट्या होतात. "आन् मोठं माणूस असंल? कॅन्सरचं असंल?" तो माझ्याकडं बघायला लागला. "गाठ त्यानं वाढत नाही," म्हणला, "पण आधीच अशक्त माणसाला..." आन् तेवढ्यात दुसऱ्याचा नंबर पुकारला. तो "पण" घेऊनच मी बाहेर आली.

येताना टेम्पोत मी तुझ्या दादाला समदं सांगितलं. गडू, लिंबू, चार दिवस, तो आठवडा. त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. वाटलं, आता मला इथंच उतर म्हणंल. मंग त्यानं विचारलं, "तिला कळलं व्हतं?"

मी न्हाय म्हणणार व्हती. तवा मला ते आठवलं. तुझ्या शेवटच्या आठवड्यातलं. तुला धाप लागायची, एक एक शब्द सुटा काढायचीस. शानू तुझ्या पायाशी खेळत व्हती, मी उशी सरळ करत व्हती, आन् तू माझं मनगट धरून म्हणलीस, "वयनी... शानूला सरबत... स्टीलच्या भांड्यात देत जा." आन् हसलीस. मी उशीच सरळ करत राहिली. किती वेळ. मला वाटलं मान वर केली की मरून जाईन.

"व्हतं," मी दादाला म्हणली. "पहिल्या घोटालाच कळलं व्हतं."

त्यानं डोळे पुसले आन् गाडी सुरू केली. मला काय बोलला न्हाय. अजून बोललेला न्हाय. बोलंल कधी तरी.

पहिल्या घोटाला कळलं, तर मंग पुढचे तीन दिवस का प्यायलीस गं? मला वाईट वाटंल म्हणून? का तुला पण वाटलं, असंल काय खरं, लागलाच आपला नंबर? हे मला सांगायला तू पाहिजे व्हतीस. एवढं एक तरी सांगायचं.

घरी आलो तर दुपार झाली व्हती. आय दारातच उभी. दादानं मान हलवली, काय न्हाय म्हणून, तशी ती तिथंच उंबऱ्यावर बसली. शानू म्हणली, "मम्मी, तहान लागली, आंबट पाहिजे."

मी लिंबू कापलं. साखर घातली, जिरं घातलं न्हाय. स्टीलचा पेला दोनदा धुतला आन् हाक मारली. ती अंगणातनं आली, डावा पाय ओढत, तुझ्यासारखीच थांबत थांबत, एका हातात नसलेली काठी धरून. आयनं माझ्याकडं बघितलं, ओरड म्हणून.

मी ओरडली न्हाय. येऊ दिलं तिला, तुझ्या चालीनं, माझ्यापर्यंत.